जस्त : पोटातले आणि कातडीवरचे

या अंकासाठी आलेल्या पत्रांत जस्ताबद्दलची, म्हणजे औषधाच्या दुकानातल्या भाषेत ‘झिंक’बद्दलची पत्रे बरीच आहेत. नखे, मुरुम, कोंडा, बाळाची पुरळ, उन्हाचे मलम, न भरणारी जखम या सगळ्यांवर जस्त लागू पडते, असे प्रत्येकाने कुठे ना कुठे वाचलेले दिसते. पत्रांत एक घोळ मात्र पुन:पुन्हा आढळतो. गोळीतले जस्त आणि मलमातले जस्त एकच धरले जाते. दोघांचे नाव एक असले तरी कामे वेगळी आहेत. गोळी उपयोगी पडते ती मुख्यत: शरीरात जस्त कमी असेल तेव्हा. मलम कातडीच्या वर बसून काम करते, मग आत जस्त भरपूर असो वा नसो.

प्रश्न : एक धातू त्वचेसाठी एवढा महत्त्वाचा कसा? शरीरात तो असतो तरी किती?

प्रौढ माणसाच्या शरीरात सगळे मिळून २ ते ३ ग्रॅम जस्त असते, एखाद्या छोट्या खिळ्याच्या वजनाएवढे. त्यातले सुमारे ८५ टक्के स्नायू आणि हाडांत असते, त्वचेच्या वाट्याला ५ टक्क्यांच्या आसपास येते. त्वचेतही वरच्या थरात ते अधिक असते, खालच्या जाड थरात कमी.

असे का, हे वरच्या थराचे काम पाहिले की कळते. या थराच्या तळाशी पेशी सतत विभागत असतात. नवी पेशी वर सरकते, चपटी होते, मरते आणि शेवटी कोंड्यासारखी झडते. या प्रवासाला चार आठवडे किंवा त्याहून थोडे अधिक लागतात. पेशी विभागायची तर डीएनएची नक्कल करावी लागते, जनुके वाचावी लागतात, प्रथिने घडवावी लागतात. ही कामे करणारी कितीतरी विकरे (एन्झाइम) आणि प्रथिने जस्ताच्या अणूभोवतीच घडी घालून उभी असतात. शरीरातली ३००हून अधिक विकरे जस्तावर चालतात. जुने कोलॅजन तोडून जखमेची डागडुजी करणारी विकरेही त्यांतलीच.

दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. जस्ताचा राखीव साठा शरीरात नसतो. लोह साठवायला शरीरात सोय आहे, जीवनसत्त्व ‘अ’ यकृतात महिनोन्‌महिने पडून राहते. हाडांतले आणि स्नायूंतले जस्त मात्र अडचणीच्या वेळी सहजासहजी सुटत नाही. म्हणून आवक थांबली की काही आठवड्यांतच ओढाताण सुरू होते, आणि ती आधी दिसते जिथे पेशी झपाट्याने बनतात तिथे : त्वचा, केस आणि आतड्याचे अस्तर.

माणसात जस्ताची कमतरता होऊ शकते हे वैद्यकाला फार उशिरा कळले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आनंद प्रसाद या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इराण आणि इजिप्तमधल्या तरुणांत हे दाखवले. वाढ खुंटलेली, वयात येणे लांबलेले, कातडी खरखरीत. इराणातल्या त्या तरुणांचा आहार जवळजवळ सगळा कोंड्यासकटच्या गव्हाच्या पावाचा होता. गव्हाच्या कोंड्याचा आणि जस्ताचा संबंध काय, ते पुढच्या एका उत्तरात येईल.

प्रश्न : माझ्या बोटांच्या नखांवर पांढरे ठिपके आहेत. ही जस्ताची कमतरता ना?

बहुधा नाही. नखाच्या मुळाशी लागलेला छोटा मार, नखे कुरतडणे, नखाची कातडी मागे ढकलणे यांनी असे ठिपके पडतात. मार लागतो तेव्हा ठिपका दिसतच नाही, काही आठवड्यांनी नख पुढे सरकले की दिसतो. त्यामुळे कारण आठवत नाही आणि दोष जस्ताला जातो. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. ठिपक्याची जागा लिहून ठेवा. महिन्याने तो तेवढाच पुढे गेला असेल तर विषय संपला.

खऱ्या कमतरतेत नखांवर आडव्या खाचा पडतात, नखे ठिसूळ होतात आणि नखांभोवतीची कातडी लाल होऊन सुजते. सगळ्याच नखांवर आडवे, पूर्ण रुंदीचे पांढरे पट्टे असतील तर ते वेगळे प्रकरण आहे, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वय २२. चेहऱ्यावर मुरुम आहेत. ‘झिंक ५० मिग्रॅ’ आणि ‘झिंक सल्फेट २२० मिग्रॅ’ अशा दोन गोळ्या पाहिल्या. कोणती अधिक जोरकस? किती दिवस घ्यावी?

दोन्ही सारख्याच निघण्याची शक्यता आहे. गोळीत जस्त एकटे नसते, कोणत्या तरी क्षाराच्या रूपात असते. डबीवरचा आकडा कधी पूर्ण क्षाराचा असतो, कधी त्यातल्या निव्वळ जस्ताचा. निव्वळ जस्ताला डबीवर ‘एलिमेंटल झिंक’ म्हणतात, आणि आपल्याला हवा असतो तो हाच आकडा. नेहमीच्या झिंक सल्फेटमध्ये (सात रेणू पाणी असलेल्या) निव्वळ जस्त सुमारे २३ टक्के असते, म्हणून २२० मिग्रॅमध्ये ५० मिग्रॅ. ग्लुकोनेटमध्ये ते १४ टक्के, ॲसिटेटमध्ये ३० टक्के आणि सायट्रेटमध्ये ३४ टक्क्यांच्या आसपास असते. ऑक्साइडमध्ये आकडा सर्वांत मोठा, ८० टक्के, पण ते विरघळायला नाखूश असते आणि रिकाम्या पोटी कमी शोषले जाते. डबीवर नुसते ‘झिंक’ लिहिले असेल आणि क्षाराचे नाव नसेल तर ती डबी परत ठेवा.

आता मुरुमांबद्दल. जस्ताचा थोडा उपयोग होतो, पण जाहिरातींत दिसतो तेवढा नाही. ३००हून अधिक रुग्णांवर झालेली आणि २००१मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी यात महत्त्वाची आहे. एका गटाला रोज ३० मिग्रॅ निव्वळ जस्त (ग्लुकोनेटच्या रूपात), दुसऱ्याला मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक १०० मिग्रॅ, असे तीन महिने दिले. जस्ताच्या गटात सुमारे ३१ टक्क्यांना समाधानकारक गुण आला, मिनोसायक्लिनच्या गटात ६३ टक्क्यांना. जस्ताचा फायदा होतो तो लाल, सुजलेल्या पुटकुळ्यांवर. काळ्या-पांढऱ्या टोकांच्या साध्या बंद रंध्रांवर फारसा नाही. तिथे ॲडापॅलिनसारखे रेटिनॉइडचे (जीवनसत्त्व ‘अ’च्या कुळातले) मलमच लागते.

म्हणून ५० मिग्रॅने सुरुवात करू नका. डॉक्टरांनी होकार दिला तर ३० मिग्रॅ निव्वळ जस्त, रोज एकदा, तीन महिने, जेवणानंतर. रिकाम्या पोटी घेतले की अर्ध्या-एक तासात मळमळते, आणि तिथेच अनेक जण ‘मला झिंक सोसत नाही’ म्हणून गोळ्या सोडतात. कोंडायुक्त धान्याच्या जेवणाबरोबर मात्र शोषण कमी होते, तेव्हा हलक्या खाण्यानंतर घ्या. तीन महिन्यांत फरक नसेल तर चौथ्या महिन्यात चमत्कार होत नाही. थांबवा.

मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविक चालू असेल तर दोन्ही गोळ्या एका घोटाबरोबर घेऊ नका. जस्त त्याला पोटात पकडून ठेवते, मग दोन्ही वाया जातात. प्रतिजैविक आधी, त्यानंतर निदान दोन तासांनी जस्त. जस्त आधी झाले असेल तर प्रतिजैविकासाठी चार ते सहा तास थांबा. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या कुळातल्या प्रतिजैविकांनाही हाच नियम.

प्रश्न : केस गळतात म्हणून दीड वर्षापासून रोज ५० मिग्रॅ झिंक आणि वर एक मल्टिव्हिटॅमिन घेते. केस तसेच आहेत. अलीकडे पावलांना मुंग्या येतात आणि तपासणीत रक्त कमी निघाले. याचा झिंकशी संबंध आहे का?

असू शकतो, आणि या पत्राचे उत्तर पुढच्या अंकापर्यंत ठेवण्यासारखे नव्हते. गोळ्या आजपासून बंद करा आणि या आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

जस्त जास्त झाले की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन मुबलक बनवू लागतात. हे प्रथिन जस्तापेक्षा तांब्याला अधिक घट्ट धरते. खाण्यातले तांबे पेशीत शिरते, तिथेच अडकते, आणि काही दिवसांत ती पेशी झडली की तिच्याबरोबर बाहेर जाते. रक्तापर्यंत तांबे पोचतच नाही. विल्सनच्या आजारात शरीरात तांबे साचते, तिथे डॉक्टर हीच गोष्ट मुद्दाम घडवतात : ५० मिग्रॅ जस्त, दिवसातून तीनदा. ज्याला तो आजार नाही त्याच्या शरीरात मात्र तांबे हळूहळू खालावत जाते.

तांबे संपत आले की रक्तक्षय होतो आणि लोहाच्या गोळ्यांनी तो हटत नाही. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल कमी होतात. पुढे मज्जारज्जूला इजा होते : पावलांना मुंग्या, बधिरपणा, अंधारात चालताना तोल जाणे. चित्र थेट बी-१२च्या कमतरतेसारखे दिसते, त्यामुळे बी-१२ची इंजेक्शने चालू राहतात आणि मूळ कारण तसेच राहते. म्हणून डॉक्टरांना तुमच्या गोळ्यांची डबी दाखवा, ‘काही सप्लिमेंट घेते’ एवढे सांगून भागणार नाही. रक्तातले तांबे, सेरुलोप्लाझ्मिन (रक्तातले तांबे वाहणारे प्रथिन), जस्त, पूर्ण रक्तगणना आणि बी-१२ या तपासण्या एकदम करून घ्याव्यात. जस्त थांबवून तांबे दिले की रक्त काही आठवडे ते महिन्यांत सुधारते. मज्जारज्जूची इजा कधी अर्धवटच भरून येते, म्हणून घाई.

प्रौढांसाठी अमेरिकेतली वरची मर्यादा रोज ४० मिग्रॅ आहे, युरोपातली २५ मिग्रॅ. यात अन्न, गोळी, मल्टिव्हिटॅमिन सगळे धरायचे. कवळी बसवण्याच्या काही क्रीममध्येही जस्त असते आणि ते भरपूर वापरणाऱ्यांना नेमका हाच त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. कवळी वापरणाऱ्यांनी ट्यूबवरचे घटक वाचावेत.

केसांबद्दल एवढेच : जस्त कमी असेल तर केस गळतात आणि जस्ताने परत येतात. कमी नसेल तर जस्त वाढवून केस वाढत नाहीत. लोह, थायरॉइड, नुकताच झालेला ताप किंवा बाळंतपण ही कारणे आधी पाहायला हवीत.

प्रश्न : रक्तातले झिंक ६४ आले. रिपोर्टवर ‘कमी’ असा शिक्का आहे (मर्यादा ७० ते १२०). रक्त दुपारी चारला, जेवणानंतर दिले होते. मी बाई, वय ३८, तब्येत ठीक. गोळ्या सुरू करू का?

नको. शिक्का सकाळच्या उपाशीपोटीच्या मर्यादेवरून मारला आहे. रक्तातले जस्त दिवसभरात उतरते आणि जेवणानंतरही उतरते. गर्भवती नसलेल्या स्त्रियांसाठी सकाळी उपाशीपोटी ७०, सकाळी खाऊन ६६ आणि दुपारी ५९ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या तळाच्या मर्यादा मानल्या जातात. पुरुषांसाठी अनुक्रमे ७४, ७० आणि ६१. तुमचा ६४ हा दुपारचा आकडा मर्यादेच्या आतच आहे.

या तपासणीवर मुळातच किती विसंबायचे हाही प्रश्न आहे. रक्तद्रवात शरीरातल्या एकूण जस्ताचा हजारावा भाग फिरत असतो. ताप किंवा संसर्ग असेल तर यकृत जस्त ओढून घेते आणि आकडा पडतो. ते जस्त बहुतेक अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटून फिरते, म्हणून अल्ब्युमिन कमी असले तरी आकडा पडतो. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांनीही तो उतरतो. उलट, रक्त काढताना लाल पेशी फुटल्या तर आकडा खोटा वाढतो, कारण त्या पेशींत जस्त खूप असते. साध्या नळीच्या रबरी बुचातूनही जस्त झिरपते, म्हणून सूक्ष्म धातूंसाठीची खास नळीच लागते. पुन्हा तपासायचेच असेल तर सकाळी उपाशीपोटी, सर्दीतापाच्या दिवसांत नको, आणि सोबत अल्ब्युमिन व सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी). अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर जस्तावर चालते. तेही कमी आले तर संशयाला बळ मिळते.

प्रश्न : मी पूर्ण शाकाहारी आहे. गोळ्यांशिवाय पुरेसे जस्त मिळेल का?

मिळेल, पण मांसाहारी माणसाइतके आपोआप नाही. जस्ताचा सर्वांत दाट स्रोत म्हणजे कालवे, त्यानंतर लाल मांस. धान्ये आणि कडधान्ये यांतही जस्त चांगले असते, अडचण फायटेटची आहे. बियांच्या सालीत आणि कोंड्यात फॉस्फरस फायटेटच्या रूपात साठवलेला असतो, आणि फायटेट आतड्यात जस्ताला बांधून टाकते. मिश्र आहारातून साधारण ३० टक्के जस्त शोषले जाते, फायटेट जास्त असेल तर त्याच्या निम्म्यावर येते. इराणातल्या त्या तरुणांच्या पावात जस्त होते, ते अंगी लागत नव्हते.

अमेरिकेच्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज ११ मिग्रॅ, स्त्रीला ८ मिग्रॅ, गरोदरपणी ११ आणि स्तनपान करताना १२ मिग्रॅ लागते. पूर्ण शाकाहारी माणसाला याच्या दीडपटीपर्यंत लागू शकते. अंदाज यावा म्हणून काही आकडे : भोपळ्याच्या ३० ग्रॅम बियांत सुमारे २.२ मिग्रॅ, ३० ग्रॅम काजूंत १.६, वाटीभर (१६० ग्रॅम) शिजलेल्या छोल्यांत २.५, शिजलेल्या मसुरात तेवढ्याच वजनाला सुमारे २, मोठा पेलाभर दुधात १ मिग्रॅ.

फायटेट तोडण्याचे काम धान्यातलेच एक विकर करते, त्याला फक्त ओल, ऊब आणि वेळ द्यायचा असतो. कडधान्य कोमट पाण्यात १० ते १२ तास भिजवा, ते पाणी फेका, फडक्यात बांधून २४ ते ४८ तास मोड येऊ द्या. पीठ आंबवून केलेले पदार्थही याच कारणाने चांगले. नुसते उकळून किंवा भाजून फायटेट फारसे जात नाही, उलट ते विकरच मरते, म्हणून आधी भिजवणे आणि मग शिजवणे हाच क्रम हवा. जेवणावर वेगळा कोंडा भुरभुरवण्याची सवय असेल तर ती जस्ताच्या विरोधात जाते. लोहाची गोळी चालू असेल तर ती जेवणाबरोबर न घेता दोन जेवणांच्या मध्ये घ्या, म्हणजे जेवणातल्या जस्ताशी तिची स्पर्धा होणार नाही.

काही जणांना मात्र आहार नीट असूनही जस्त पुरत नाही : लठ्ठपणासाठी पोटाची शस्त्रक्रिया झालेले, आतड्यांच्या जुनाट दाहाचे रुग्ण, नियमित दारू पिणारे, थायझाइड गटातली लघवीची औषधे वर्षानुवर्षे घेणारे. त्यांनी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचे. महिन्यापूर्वी अंगावरचे दूध सोडवले. त्यानंतर तोंडाभोवती, ढुंगणावर आणि बोटांच्या टोकांना लाल, खपल्यांचे चट्टे आले आहेत. जुलाब होतात, किरकिर थांबत नाही, केस विरळ झाले. डायपरचे मलम आणि बुरशीचे मलम दोन्ही लावून झाले.

हे वर्णन घेऊन लगेच त्वचारोगतज्ज्ञांकडे किंवा बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि ‘ॲक्रोडर्मॅटायटिस एंटेरोपॅथिका’ची शक्यता तपासायला सांगा. निदान त्यांनीच करायचे आहे, पण तुमच्या पत्रातली चारही चिन्हे त्याच दिशेला बोट दाखवतात.

हा आनुवंशिक आजार आहे, अंदाजे पाच लाखांत एका बाळाला होतो. आतड्यातून जस्त आत घेणारे ‘झिप४’ नावाचे प्रथिन सदोष असते. आईच्या दुधातले जस्त सहज शोषले जाते, म्हणून अंगावर पिणारे बाळ तोवर तगून असते आणि दूध तुटले की काही आठवड्यांत आजार उघडा पडतो. पहिल्यापासून बाहेरचे दूध असेल तर तो फार लवकर दिसतो. १९४२मध्ये या आजाराचे वर्णन झाले, १९७३मध्ये कारण जस्त असल्याचे कळले, आणि जनुक २००२मध्ये सापडले. १९७३पूर्वी अशी बाळे बऱ्याचदा दगावत. आज शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे ३ मिग्रॅ निव्वळ जस्त देऊन ती सुधारतात. किरकिर काही दिवसांतच थांबते, चट्टे एक-दोन आठवड्यांत मावळू लागतात. हे औषध जन्मभर चालते आणि मात्रा वेळोवेळी रक्त, तांब्यासह, तपासून ठरवावी लागते. घरच्या घरी सुरू करण्याची ही गोष्ट नाही.

चट्टे तोंड, ढुंगण आणि बोटे इथेच का, याचे उत्तर मोठे उद्बोधक आहे. लाळ, लघवी, शौच आणि सततचे घर्षण यांनी या जागांच्या पेशी दुखावतात आणि एटीपी हा रेणू बाहेर सोडतात. बाहेर सांडलेले एटीपी दाह पेटवते. एरवी कातडीतल्या लँगरहान्स नावाच्या पहारेकरी पेशी ते पटकन निकालात काढतात. जस्त कमी पडले की या पेशी वरच्या थरातून नाहीशा होतात, आणि किरकोळ चिडचिडीचा वणवा होतो. हनुवटी आणि गालांवर चट्टा घोड्याच्या नालासारखा उमटतो, वरचा ओठ बहुधा सुटतो.

फरक ओळखायला : साध्या डायपरच्या पुरळीत जांघेच्या घड्या कोरड्या, स्वच्छ राहतात. बुरशीत घड्याच लालभडक होतात आणि भोवती सुटे पुरळ उठतात. दोन्हींत तोंड आणि बोटे सहसा मोकळी असतात. निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाला असे झाले तर आईच्या दुधातच जस्त कमी उतरत असण्याचा दोष असू शकतो. आईने गोळ्या घेऊन तो भरत नाही, जस्त बाळालाच द्यावे लागते, पण दूध सुटल्यावर ते थांबवता येते.

प्रश्न : डायपरच्या साध्या पुरळीवर झिंक ऑक्साइडचे मलम लावते, पण ते पुसताना बाळ रडते आणि कातडी अधिक लाल होते.

पुसण्यात चूक होते आहे. हे मलम पूर्ण काढायचेच नसते.

कापूस कोमट पाण्यात बुडवून जागा स्वच्छ करा, न घासता टिपून कोरडी करा, दहा मिनिटे उघडी ठेवा. मग मलमाचा थर असा द्या की खालची कातडी दिसू नये, साधारण २ मिलिमीटर. पुढच्या वेळी फक्त वरचा मळलेला थर टिपून काढा आणि उरलेल्यावर नवा चढवा. पूर्ण काढायचेच असेल तर कापसाला खनिज तेल लावून हलके पुसा, पाण्याने ते निघत नाही. रोजच्या बचावासाठी १० ते १५ टक्क्यांचे मलम पुरते, लाली असताना ४० टक्क्यांपर्यंतचे दाट मलम बरे. बुरशीचे मलमही चालू असेल तर ते आधी कातडीवर, झिंक त्याच्यावर. तीन दिवसांत उतार नसेल तर डॉक्टर.

एक सावधगिरी. ‘झिंक पेस्ट’ नावाखाली लासारची पेस्टही मिळते, तिच्यात २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड असते. ती बाळासाठी नाही.

प्रश्न : झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन चेहऱ्यावर पांढरे दिसते. झिंक ऑक्साइडची पावडर आणून साध्या क्रीममध्ये मिसळली तर?

मिसळू नका. पावडरचे कण क्रीममध्ये गोळ्या धरतात, कातडीवर सूक्ष्म मोकळ्या जागा राहतात आणि त्यांतून ऊन आत जाते. दिसायला थर एकसारखा असतो, संरक्षण किती हे घरी मोजायची सोय नाही. शिवाय बारीक पावडर श्वासातून फुप्फुसात जाते, ते वेगळेच. कारखान्यात कणांना लेप देतात आणि यंत्राने ते फोडून पसरवतात, ते घरच्या चमच्याने होत नाही.

झिंक ऑक्साइड आरशासारखे ऊन परतवते, असे सगळीकडे लिहिलेले असते. प्रत्यक्षात अतिनील किरणांचा थोडाच भाग ते परतवते, बहुतेक शोषून घेते. जवळजवळ ३७० नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे अतिनील किरणांच्या दोन प्रकारांपैकी यूव्हीबी सगळे आणि यूव्हीएचा मोठा भाग. पांढरेपणा येतो तो दिसणारा प्रकाश विखुरल्यामुळे. कण १०० नॅनोमीटरहून लहान केले की विखुरणे घटते आणि चेहरा कमी पांढरा दिसतो. हे कण धडधाकट कातडीच्या मृत थराखाली जात नाहीत, असे आजवरचे प्रयोग सांगतात. फवारा आणि सुटी पावडर मात्र टाळा, तिथे प्रश्न श्वासाचा आहे.

पांढरेपणावर उपाय : आधी मॉइश्चरायझर लावून पाच मिनिटे थांबा, सनस्क्रीन एकदम न थापता दोन पातळ थरांत लावा, चोळू नका, थापटा. लोह ऑक्साइडची रंगछटा असलेले मिळाले तर सावळ्या कातडीवर ते मिसळून जाते, आणि वांगाच्या डागांना दिसणाऱ्या प्रकाशापासूनही थोडा आडोसा देते. बहुतेक जण चुकतात ते प्रमाणात. एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर धरून काढलेला असतो, लोक त्याच्या निम्म्याहूनही कमी लावतात. चेहरा आणि मान यांना मिळून दोन बोटांच्या लांबीइतके लागते. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

प्रश्न : मधुमेहामुळे पायाची जखम भरत नाही. झिंकच्या गोळ्यांनी वेग येईल?

शरीरात जस्त कमी असेल तर येईल. नसेल तर नाही. पायाच्या जुनाट जखमांवर झालेल्या चाचण्यांत सरसकट दिलेल्या गोळ्यांचा स्पष्ट फायदा दिसलेला नाही. मधुमेही पायाला आधी रक्तपुरवठ्याची तपासणी, साखरेवर ताबा, मेलेला भाग काढणे आणि त्या जागेवरचा भार कमी करणे लागते. जखमेत झिंकची पावडर भुरभुरवू नका, तिची खपली होते आणि खाली पू साचला तरी कळत नाही. ‘उन्नाज बूट’ ही झिंक पेस्टची पट्टी नीलांच्या दोषातून झालेल्या जखमांसाठी असते, आणि तिथेही मुख्य काम दाबाचे असते. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायावर असा दाब दिला तर पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

प्रश्न : झिंक पायरिथिऑनचा शाम्पू वापरून कोंडा आठवडाभर जातो आणि परत येतो. युरोपात त्यावर बंदी आहे म्हणे?

इथे जस्ताची भूमिका पोषणाची नाही, बुरशी मारण्याची आहे. कोंड्यामागची मॅलेसेझिया ही बुरशी टाळूच्या तेलावर जगते, स्वत:ला लागणारी मेदाम्ले तिला बनवता येत नाहीत. म्हणून कोंडा असताना टाळूला तेल चोपडून ठेवले की तिची सोयच होते.

शाम्पू लावून लगेच धुतला जातो, इथेच तो फुकट जातो. औषधाचे न विरघळणारे कण टाळूवर बसायला वेळ लागतो. केसांना नव्हे, टाळूला लावा, घड्याळ लावून पाच मिनिटे ठेवा, मग धुवा. आठवड्यातून दोन-तीनदा, चार आठवडे. नंतर आठवड्यातून एकदा चालूच ठेवायचा, कारण बुरशी टाळूवरून कायमची जात नाही. चार आठवड्यांत फरक नसेल तर २ टक्के केटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू घ्या. जाड, चंदेरी, केसांच्या रेषेबाहेर येणारे पापुद्रे असतील तर तो सोरायसिस असू शकतो.

बंदी खरी आहे. १ मार्च २०२२पासून युरोपीय संघात हे द्रव्य सौंदर्यप्रसाधनांत वापरता येत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून ते प्रजननाला घातक द्रव्यांच्या वर्गात टाकले गेले, आणि त्या वर्गातल्या द्रव्याला पर्याय उपलब्ध असेल तर तिथला कायदा सूट देत नाही. अमेरिकेत ते कोंड्यावरचे औषध म्हणून चालू आहे. गरोदर असाल तर दुसरा शाम्पू निवडलेला बरा.

प्रश्न : कॅलामाइन लोशनमध्ये झिंक असते का? ते गुलाबी का?

असते. कॅलामाइन म्हणजे झिंक ऑक्साइड किंवा झिंक कार्बोनेटच, त्यात किंचित लोह ऑक्साइड मिसळलेले. गुलाबी रंग त्या लोहाचा. ब्रिटिश पद्धतीच्या लोशनमध्ये १५ टक्के कॅलामाइन आणि वर ५ टक्के झिंक ऑक्साइड असते. पावडर तळाशी बसते, म्हणून बाटली हलवल्याशिवाय लावले तर अंगाला नुसते पाणी लागते. खाज शमते ती बरीचशी ते पाणी उडताना होणाऱ्या गारव्याने, म्हणून घामोळ्यांवर आणि कीटकदंशावर ते छान, कोरड्या इसबावर मात्र नको : वाळल्यावर ते कातडी आणखी ओढते.